हळदीतली भेसळ हुडकणारा छोटा प्रकाश-संवेदक: पहिल्यांदा बांधणाऱ्यांसाठी

हळद पिवळी दिसते, कारण तिच्यातलं कुरकुमिन जांभळा आणि निळा प्रकाश शोषून घेतं आणि पिवळा-तांबडा परत पाठवतं. तिच्यात तांदळाचं पीठ मिसळलं की निळा प्रकाश थोडा जास्त परत येऊ लागतो. डोळ्याला हा फरक बराच उशिरा कळतो, प्रकाश मोजणाऱ्या चिपला मात्र आधी कळतो. एवढ्या तत्त्वावर मुठीत मावेल असा संवेदक बांधता येतो, आणि इलेक्ट्रॉनिक्सची थोडी ओळख असलेला कोणताही विद्यार्थी तो बांधू शकतो.

मी हळद निवडली यामागे कारण आहे. सांगलीची हळद, वायगावची हळद, वसमतची हळद या तिन्हींना भौगोलिक मानांकन आहे. म्हणजे शुद्ध नमुने मिळवायला आपल्याला लांब जावं लागत नाही. आणि या कामात चिपपेक्षा, प्रोग्रॅमपेक्षा महत्त्वाची गोष्ट कोणती असेल तर ती खात्रीचा शुद्ध नमुना.

काय मोजायचं ते आधी ठरवा

भेसळ म्हणजे एकच गोष्ट नव्हे. तांदळाचं पीठ, मैदा, खडूची भुकटी हा झाला पहिला प्रकार. ही पांढरी भर वजन वाढवते आणि रंग फिका करते. दुसरा प्रकार म्हणजे फिका पडलेला रंग झाकायला घातलेला रंग, उदाहरणार्थ मेटॅनिल यलो हा कृत्रिम पिवळा रंग. तिसरा आणि सर्वांत घातक म्हणजे लेड क्रोमेट, शिशाचं पिवळं संयुग. पहिला प्रकार हा संवेदक बऱ्यापैकी पकडतो. दुसऱ्यासाठी एक जादा मोजणी लागते. तिसऱ्याबद्दल शेवटी लिहितो. पण आत्ताच सांगून ठेवतो, घातक पातळीचं शिसं या यंत्राला दिसत नाही.

चिप आणि दिवा

नवख्याने एएस ७३४१ या चिपचा तयार बोर्ड घ्यावा. तिच्यात ४१५, ४४५, ४८०, ५१५, ५५५, ५९०, ६३० आणि ६८० नॅनोमीटर (प्रकाशाच्या तरंगलांबीचं एकक, आकडा जितका लहान तितका रंग जांभळ्याकडे) असे दृश्य प्रकाशाचे आठ पट्टे आहेत. शिवाय गाळणी नसलेला एक ‘क्लिअर’ आणि एक अवरक्त पट्टा आहे. ईएसपी ३२ या छोट्या कंट्रोलर बोर्डाला ती आय-स्क्वेअर-सी या जोडणीच्या दोन तारांनी जोडता येते, त्या जोडणीवर चिपचा पत्ता ०x३९. एएस ७२६५एक्स या तीन चिपांच्या संचात ४१० ते ९४० नॅनोमीटरपर्यंत अठरा पट्टे मिळतात. तो मोठा आहे, महाग आहे, आणि हळदीची मुख्य गोष्ट निळ्या भागातच घडत असल्याने सुरुवातीला त्याची गरज नाही.

बहुतेक तयार बोर्डांवर चिपच्या शेजारीच एक पांढरा एलईडी बसवलेला असतो. तो बंद ठेवा. तो नमुन्यावर जवळपास सरळ प्रकाश टाकतो, आणि काचेवरून उसळलेली चमक थेट चिपमध्ये शिरते. बाहेरून दोन पांढरे एलईडी लावा. चिपच्या एलडीआर पिनवरून (एलईडी चालवण्यासाठीची पिन) ते चालवता येतात आणि त्यांचा करंट प्रोग्रॅममधूनच ठरवता येतो. नुसता रेझिस्टर लावून यूएसबीच्या ५ व्होल्टवर एलईडी पेटवला, तर व्होल्टेज जरा हललं की उजेड हलतो आणि तुमचं माप त्याच्याबरोबर हलतं.

पांढऱ्या एलईडीची एक खोड लक्षात ठेवा. त्याच्या आत ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा एलईडी असतो आणि वर पिवळ्या फॉस्फरचा, म्हणजे निळा प्रकाश घेऊन पिवळा देणाऱ्या द्रव्याचा थर असतो. त्यामुळे ४१५ ला जवळपास प्रकाशच नसतो, ४८० च्या आसपास खड्डा असतो आणि ७०० च्या पुढे फारच थोडं उरतं. ४४५ चा पट्टा मात्र भरपूर उजेडात न्हालेला असतो, आणि आपल्याला नेमका तोच हवा आहे. यांच्या जोडीला ४०५ नॅनोमीटरचा एक जांभळा एलईडी वेगळ्या पिनवर बसवा. त्याचं काम पुढे येईल.

प्रकाशाची वाट

इथे घाई करू नका. या संवेदकाचं यश-अपयश याच टप्प्यावर ठरतं.

नमुना वाटीत, वाटीवर काच, काचेच्या बरोबर वर चिप, आणि दोन्ही पांढरे एलईडी दोन बाजूंनी ४५ अंशांत कललेले. अशा मांडणीत काचेवरून आरशासारखा उसळलेला प्रकाश समोरच्या बाजूला निघून जातो. चिपकडे येतो तो पुडीच्या कणांत शिरून, विखरून बाहेर पडलेला प्रकाश, आणि पुडीत काय आहे ते त्यालाच माहीत असतं. साध्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परत फेकतो. हळद निळ्या पट्ट्यात मुळातच फार थोडा प्रकाश परत देते, त्यामुळे हे ४ टक्के चिपमध्ये गेले तर मोजणीत अर्थच उरत नाही.

आकडे घालून पाहू. समजा ४४५ नॅनोमीटरला तुमच्या शुद्ध हळदीचं परावर्तन, म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी परत आलेला हिस्सा, ०.०८ आहे. पुडीतल्या शोषक द्रव्याचं प्रमाण थेट परावर्तनाशी सरळ रेषेत चालत नाही. ते ढोबळमानाने कुबेल्का आणि मंक यांनी १९३१ साली मांडलेल्या सूत्राने चालतं. १ मधून परावर्तन वजा करा, त्याचा वर्ग करा, आणि परावर्तनाच्या दुपटीने भागा. ०.०८ साठी उत्तर येतं ५.२९. आता कुठून तरी फक्त ०.०१ इतका भटका प्रकाश आत शिरला आणि परावर्तन ०.०९ दिसलं, तर उत्तर येतं ४.६०. म्हणजे तब्बल १३ टक्के घट. हळद शुद्धच आहे, पण यंत्र म्हणेल की हिच्यात १३ टक्के पीठ आहे. एका प्रामाणिक दुकानदारावर ठपका ठेवायला एवढीशी गळती पुरते.

म्हणून एलईडी आणि चिप यांच्या मध्ये काळा आडोसा हवाच, आणि तो काचेला टेकलेला हवा. काच जाड असेल तर प्रकाश काचेच्या आतल्या आतच सरकत चिपपर्यंत पोहोचतो, म्हणून सूक्ष्मदर्शकाची साधी १ मिलिमीटरची स्लाइड वापरा. घर थ्रीडी प्रिंटरवर काढणार असाल, तर काळं प्लास्टिक डोळ्याला काळं दिसलं तरी अवरक्त प्रकाशाला बरंच पारदर्शक असू शकतं. रिकाम्या घरावर बाहेरून बॅटरीचा झोत मारा आणि आकडे बघा. क्लिअर किंवा अवरक्त पट्टा हलला तर आतून मखमली काळा कागद लावा. चकचकीत काळा रंग उपयोगाचा नाही.

चिपच्या तोंडावर दुधी डिफ्यूझरचा, म्हणजे प्रकाश सगळीकडे सारखा पसरवणाऱ्या प्लास्टिकचा पातळ तुकडा बसवा. आठ पट्ट्यांचे फोटोडायोड चिपवर वेगवेगळ्या जागी असतात, आणि डिफ्यूझर नसेल तर एक पट्टा पुडीचा एक कोपरा बघतो नि दुसरा पट्टा दुसरा. शिवाय या चिपवरच्या गाळण्या तिरप्या प्रकाशात आपला पट्टा निळ्या बाजूला सरकवतात. तेव्हा डिफ्यूझरच्या वर एक अरुंद काळी नळी लावून फार तिरका प्रकाश अडवा.

अंधार आणि पांढरा

प्रत्येक मोजणी तीन मापांची असते. सगळे एलईडी बंद ठेवून घेतलेला अंधार, पांढऱ्या ठोकळ्यावर घेतलेला पांढरा, आणि नमुना. नमुन्यातून अंधार वजा करा, पांढऱ्यातून अंधार वजा करा, आणि पहिल्याला दुसऱ्याने भागा. हे झालं परावर्तन. पांढऱ्याचं परावर्तन इथे आपण १ धरतो.

पांढरा म्हणून छपाईचा कागद कधीही वापरू नका. त्यात उजळपणासाठी घातलेली रसायनं जांभळ्या प्रकाशात स्वतःच निळी चमकतात. पीटीएफई, म्हणजे टेफ्लॉनचा १० मिलिमीटर जाडीचा ठोकळा घ्या. बारीक पॉलिश पेपरने त्याचं तोंड खरखरीत करा आणि झाकणाच्या डबीत ठेवा. त्याला हळदीचा हात लागता कामा नये.

याशिवाय पोकळीचं एक माप घ्या, बहुतेकजण ते विसरतात. वाटीच्या जागी काळ्या मखमलीचा खोल खड्डा ठेवा आणि एलईडी लावून मोजा. हा आकडा अंधारापेक्षा जितका जास्त, तितकी काच आणि घर यांच्यातली गळती. ती पांढऱ्याच्या मापाच्या अर्ध्या टक्क्याच्या आत येईपर्यंत आडोसे दुरुस्त करत राहा. तरी जे उरेल ते नमुन्यातून आणि पांढऱ्यातून वजा करा.

मोजणीचा वेळ १०० मिलिसेकंद ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट आणि बरेचसे बल्ब सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १० मिलिसेकंदांच्या पटीत मोजलं की ही लुकलुक आपोआप सरासरीत विरते. या चिपमध्ये मोजणीचा वेळ ठरवणाऱ्या दोन सेटिंगपैकी एटाइमला ३५ आणि एस्टेपला ९९९ दिलं की दोन्हींत एकेक मिळवून ३६ गुणिले १००० गुणिले २.७८ मायक्रोसेकंद, म्हणजे १००.०८ मिलिसेकंद मिळतात. त्यात सर्वाधिक आकडा ३६,००० येऊ शकतो. पांढऱ्यावर तो २५,००० ते ३०,००० यावा इतका एलईडीचा करंट ठेवा.

आणखी एक बारकावा. चिपमध्ये एकावेळी सहाच पट्टे मोजता येतात, म्हणून चिप वाचण्यासाठीची तयार प्रोग्रॅम-लायब्ररी आधी पहिले चार आणि मग पुढचे चार वाचते. दोन्ही वेळा क्लिअर वाचला जातो. दोन क्लिअरमध्ये फरक दिसला तर मधल्या वेळात एलईडीचा उजेड बदलला असं समजा. एलईडी तापला की मंदावतो. तेव्हा पेटवल्यावर दरवेळी तेवढाच वेळ थांबून वाचा आणि लगेच विझवा.

नमुना

दळलेली हळद शुद्ध नमुना म्हणून विकत आणू नका, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो. हळकुंडं आणा. गिरणीतही नको, तिथे आधीच्या दळणाचं पीठ जात्यात उरलेलं असतं. घरी आधी खलबत्त्यात फोडा, मग मिक्सरमध्ये दळा आणि ६० मेशच्या चाळणीतून, म्हणजे २५० मायक्रॉनच्या भोकांतून गाळा. पूड जितकी बारीक तितका प्रकाश जास्त विखुरतो आणि ती जास्त उजळ दिसते. जाडीभरडी शुद्ध हळद आणि वस्त्रगाळ शुद्ध हळद यांच्यातला फरक भेसळीइतका मोठा दिसू शकतो. तपासायला येणारा नमुनाही त्याच चाळणीतून गेला पाहिजे.

वाटीत पुडीचा थर १० मिलिमीटर ठेवा. तो पुरेसा आहे का हे बघायला वाटीच्या तळाशी एकदा काळा आणि एकदा पांढरा कागद ठेवून मोजा. आकडा बदलला तर तळ दिसतो आहे. पूड वर भरून घ्या, पट्टीने सपाट करा आणि दरवेळी तेच वजन ठेवून दाबा. पावसाळ्यात पूड ओल धरते, गाठी होतात, रंग गडद होतो. नमुने सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या घट्ट बरणीत ठेवा.

हळदीला चुना लागला की कुंकू होतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. आम्लारी पदार्थात कुरकुमिन लाल होतं. म्हणून काच साबणाने धुऊन तशीच वापरू नका, साबणाचा राहिलेला पातळ थरही पुडीला लाल करतो. पाण्याने डाग निघतही नाही, कारण कुरकुमिन पाण्यात जवळपास विरघळत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसा. आणि हळदीचे डाग उन्हात उडतात तसंच जांभळ्या एलईडीखाली नमुन्याचा वरचा थर फिका पडतो. जांभळा दिवा क्षणभरच लावा, आणि पुन्हा मोजायचं असेल तर वाटी रिकामी करून नव्याने भरा.

रंग घातलेली हळद

पीठ घालून फिकी झालेली हळद पिवळ्या रंगाने पुन्हा गडद केली, की ४४५ चा पट्टा फसतो. मेटॅनिल यलोसुद्धा नेमक्या त्याच भागात प्रकाश शोषतो. इथे ४०५ नॅनोमीटरचा एलईडी कामाला येतो. कुरकुमिन जांभळा प्रकाश घेऊन हिरवट-पिवळा परत देतं, म्हणजे ते स्वतः चमकतं. मेटॅनिल यलो हा अॅझो जातीचा रंग आहे, तो तसा चमकत नाही. जांभळा एलईडी लावून ५१५ आणि ५५५ चे पट्टे वाचा. तिथे जे दिसतं ते परावर्तन नव्हे, कुरकुमिनची चमक आहे. आधी पीटीएफईवर हेच माप घ्या. तिथे या दोन पट्ट्यांत जे थोडं दिसेल ती गाळण्यांची गळती, ती वजा करायची.

आता दोन आकडे हातात येतात. एक सांगतो की निळा किती शोषला गेला, आणि दुसरा सांगतो की कुरकुमिन किती चमकलं. शुद्ध नमुन्यांत हे दोन्ही आकडे एकमेकांना धरून चालतात. रंग मिसळला की शोषण भरून निघतं, पण चमक भरून निघत नाही. आलेखावर तो नमुना बाकीच्यांच्या रांगेतून बाहेर पडतो. मला या यंत्रातला हा भाग सगळ्यात जास्त आवडतो, कारण फसवणारा माणूस डोळ्यासाठी रंग जुळवतो, चमकेसाठी नाही.

सरावासाठी मेटॅनिल यलो आणू नका. खाण्याच्या पिवळ्या रंगातला टार्ट्राझीन हाही अॅझो रंगच आहे आणि निळ्या भागातच शोषतो, त्याच्यावर सराव होतो. लेड क्रोमेटला हातही लावू नका.

यंत्राला शिकवणं

एकाच हळदीत वेगवेगळं पीठ मिसळून काढलेली रेषा फार सुंदर येते. ती बघून यंत्र तयार झालं असं समजू नका. वायगावच्या हळदीत कुरकुमिन भरपूर असतं, तर दुसऱ्या एखाद्या हळदीत त्याच्या निम्म्याहून कमी. कमी कुरकुमिनची अस्सल हळद आणि पीठ मिसळलेली गडद हळद ४४५ च्या पट्ट्यात सारखीच दिसते. हा अडथळा गणिताने पुरता दूर होत नाही. म्हणून सांगली, वसमत, वायगाव, जमलं तर निजामाबाद आणि इरोड अशा वेगवेगळ्या ठिकाणांची, वेगवेगळ्या हंगामांची हळकुंडं जमवा. निदान आठ-दहा तरी वेगळे लॉट हवेत. प्रत्येक लॉटमधून ०, २, ५, १० आणि २० टक्के भेसळीचे २० ग्रॅमचे नमुने ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर तोलून करा. प्रत्येक नमुन्याची वाटी पाचदा रिकामी करून पुन्हा भरा आणि मोजा. वाटी न हलवता पाचदा मोजलं तर फक्त चिपची स्थिरता कळते. खरा गोंधळ भरण्यात असतो.

आठ पट्टे आणि चमकेचा आकडा यांवर साधं रेषीय समीकरण किंवा दोन-तीन घटकांचं पीएलएस (अनेक आकड्यांतून मोजके घटक काढून त्यांवर रेषा बसवायची पद्धत) पुरेसं आहे. न्यूरल नेटवर्कच्या मागे लागू नका, एवढ्या थोड्या नमुन्यांवर ते पाठांतर करतं. तपासताना एक अख्खा लॉट बाजूला ठेवा, बाकीच्यांवर समीकरण बसवा आणि बाजूला ठेवलेल्या लॉटचं उत्तर काढा. असं प्रत्येक लॉटबाबत करा. ओळी सरमिसळ करून काही बाजूला काढल्या, तर त्याच हळदीचा दुसरा नमुना यंत्राने आधीच पाहिलेला असतो, आणि अचूकता खोटी फुगते.

किमान किती भेसळ दिसते हेही इथेच ठरवा. सगळ्या शुद्ध लॉटच्या उत्तरांचं प्रमाणित विचलन, म्हणजे ती सरासरीभोवती किती पसरली आहेत त्याचं माप काढा आणि त्याची तिप्पट करा. त्या आकड्याखाली यंत्राने काही बोलू नये. पडद्यावर टक्केवारी दाखवण्यापेक्षा ‘नेहमीसारखी’, ‘पुन्हा भरून मोजा’ आणि ‘प्रयोगशाळेत पाठवा’ अशी तीनच उत्तरं ठेवा.

शिसं

लेड क्रोमेटमध्ये वजनाने सुमारे ६४ टक्के शिसं असतं. भारतात हळदीतल्या शिशाची कमाल मर्यादा दशलक्ष भागांत १० भाग आहे. म्हणजे १ किलो हळदीत सुमारे १६ मिलिग्रॅम लेड क्रोमेट पडलं की मर्यादा गाठली, टक्क्यांत ०.००१६. आपलं यंत्र टक्क्या-दोन टक्क्यांच्या भाषेत बोलतं. ही दरी चांगला एलईडी किंवा जास्त पट्टे आणून भरत नाही. त्यामुळे तुमच्या पडद्यावर ‘शुद्ध’ किंवा ‘सुरक्षित’ हा शब्द कधीही येऊ देऊ नका. त्या शब्दावर विसंबून कुणीतरी ती हळद मुलाच्या दुधात घालेल.

शिशासाठी क्ष-किरण प्रतिदीप्तीचं, म्हणजे क्ष-किरण टाकून मूलद्रव्यं ओळखणारं यंत्र लागतं. बांगलादेशात २०१९ साली हळदीतल्या लेड क्रोमेटचा छडा लागल्यावर तिथल्या अन्नसुरक्षा यंत्रणेने हातात धरायची अशी यंत्रं घेऊन बाजारात जाऊन तपासण्या केल्या, दंड केले, लोकांना सांगितलं. बाजारातल्या शिसं सापडणाऱ्या नमुन्यांचं प्रमाण २०१९ मधल्या ४७ टक्क्यांवरून २०२१ पर्यंत शून्यावर आलं.

संशयित नमुना सापडल्यावर

वाटीतली पूड फेकू नका. मूळ पाकिटातली न हाताळलेली पूड वेगळी काढा, सील करा, त्यावर तारीख, खरेदीचं ठिकाण आणि बॅच लिहा. उरलेल्या चिमूटभर पुडीवर पाणी आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकून बघा. गुलाबी-किरमिजी रंग टिकून राहिला तर मेटॅनिल यलोचा संशय बळावतो, आणि फसफसलं तर खडूचा. हे हातमोजे आणि चष्मा घालून, खिडकी उघडी ठेवून करा. मग सील केलेला भाग एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्या, आणि अर्जावर शिशाची चाचणी वेगळी नमूद करा, कारण ती मागितल्याशिवाय होईलच असं नाही. अहवाल आला की तो नमुना आणि त्याचे आठही पट्ट्यांचे आकडे तुमच्या संग्रहात जोडा, आणि समीकरण नव्याने बसवा.